घट कशाची आणि कुठे? : महाविद्यालयांच्या कार्बन-आराखड्यांची एक समीक्षा

(मोताळा येथे दिलेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली रूपं शक्यतो तशीच ठेवली आहेत. शेवटी प्रश्नोत्तरांतले दोन प्रश्न जोडले आहेत.)



संयोजकांनी विषय कळवला तेव्हा त्यात ‘हरित परिसर’ असे शब्द होते. ते आम्ही बदलून मागितले. हिरवा हा रंग आहे, आणि रंग लावता येतो. भिंतीला लावता येतो, अहवालाच्या मुखपृष्ठाला तर फारच सहज लावता येतो. आपल्याला आज रंगाबद्दल नाही, हिशेबाबद्दल बोलायचं आहे. एखादं विद्यापीठ किंवा महाविद्यालय म्हणतं की आम्ही हरितगृह वायूंचं उत्सर्जन कमी करणार, तसा आराखडा केला आहे. हा आराखडा वाचायचा कसा? भरीव कोणता, पोकळ कोणता, हे ओळखायचं कसं? आजचा प्रश्न एवढाच आहे.

आम्ही अभियंते नाही. हयात तत्त्वज्ञान शिकवण्यात गेली. त्या विषयात एकच सवय पक्की होते: वाक्य समोर आलं की विचारायचं, याचा अर्थ काय, आणि हे खरं आहे हे कशावरून कळेल? म्हणून आज एकच वाक्य घेऊ. आमच्या पाहण्यात जे अहवाल आले, त्यांतल्या बहुतेकांत ते थोड्याफार फरकाने होतंच: ‘आमच्या महाविद्यालयाने हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात घट केली आहे.’ कोणत्या महाविद्यालयांचे अहवाल, ते सांगत नाही. त्याने काही साधणार नाही. दोष एकाचा नाही, लिहिण्याच्या रीतीचा आहे.

वाक्य आणि त्याचा प्रतियोगी

न्यायदर्शनात ‘नसणं’ या गोष्टीचा विचार फार बारकाईने झाला आहे. ‘जमिनीवर घट नाही’ हे त्यांचं नेहमीचं उदाहरण. घट म्हणजे मडकं. मराठीत घट म्हणजे कमी होणंही, हा भाषेचा योगायोग, पण आज तो आपल्या उपयोगाचा आहे. नैयायिक म्हणतात, नुसतं ‘नाही’ असं काही नसतं. कशाचा तरी अभाव असतो, त्याला ते प्रतियोगी म्हणतात; आणि कुठे तरी अभाव असतो, ते त्याचं अधिकरण. मडकं हा प्रतियोगी, जमीन हे अधिकरण. या दोन्ही गोष्टी सांगितल्याशिवाय ‘नाही’ या शब्दाला अर्थ येत नाही.

आता आपलं वाक्य या कसोटीला लावा. घट झाली. कशाची? विजेतून होणाऱ्या उत्सर्जनाची, डिझेलच्या, की प्रवासाच्या? कोणत्या वर्षाच्या मानाने? आणि कुठे? इमारतीत, कुंपणाच्या आत, की कॉलेजमुळे जे काही घडतं त्या सगळ्यात? ज्या अहवालात पायाभूत वर्ष नाही त्याच्या वाक्याला प्रतियोगी नाही, आणि ज्यात हद्द नाही त्याला अधिकरण नाही. असं वाक्य खोटं ठरवता येत नाही, म्हणून कोणी त्याला खोटं म्हणत नाही. पण जे खोटं ठरूच शकत नाही ते खरंही ठरत नसतं. ते नुसतं छापलेलं असतं.

दुसरी कसोटी भाट्ट मीमांसकांची. अभाव कळतो कसा, याचं त्यांचं उत्तर म्हणजे अनुपलब्धी, न दिसणं. पण साधं न दिसणं त्यांना चालत नाही. अंधाऱ्या खोलीत मडकं दिसलं नाही म्हणून ते नाही, असं म्हणता येत नाही. वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती आधी हवी. याला ते योग्यानुपलब्धी म्हणतात. आता ज्या कॉलेजला सगळ्या इमारतींना मिळून एकच वीज-मीटर आहे, वसतिगृहाचं पाणी तापवायला किती लागतं, संगणक कक्षाला किती, रात्री कोणी नसताना किती जळतं, हे दिसायची सोयच नाही, त्याने ‘आमच्याकडे अपव्यय नाही’ म्हणणं म्हणजे अंधारात मडकं शोधणं. आधी दिवा लावा, म्हणजे मीटर लावा. मग सांगा.

प्रश्नच चुकीचा असेल तर

यात सगळा दोष कॉलेजांना देता येत नाही. त्यांना जे विचारलं जातं त्याचं ते उत्तर देतात. विचारतं कोण? मुख्यतः नॅक. नॅकने २०१७ मध्ये मूल्यांकनाची चौकट बदलली, पुढे तिच्यातही फेरफार होत गेले. त्या चौकटीतला सातवा निकष संस्थेची मूल्यं आणि उत्तम पद्धती यांचा. त्यात ऊर्जेबद्दलचा प्रश्न आहे. तुमच्याकडे पुढीलपैकी काय आहे: सौरऊर्जा, बायोगॅस, ग्रीडला वीज देण्याची सोय, सेन्सरवर चालणारी ऊर्जाबचत, एलईडी दिवे? चार किंवा सगळं असेल तर ‘अ’, तीन असतील तर ‘ब’, आणि असं खाली खाली. पुराव्यासाठी जिओटॅग केलेली छायाचित्रं.

हा प्रश्न नीट ऐका. ‘काय आहे’ असं विचारलंय. ‘किती आहे’ असं नाही, आणि ‘त्याने किती कमी झालं’ असं तर नाहीच. एक सौर दिवा आणि अख्ख्या छतावरची पॅनल, दोन्ही समोर एकच खूण. वऱ्हाडात एखाद्या घरी लग्नाआधी चौकशी करतात, तसं झालं हे: शेत आहे का? आहे. मग बरं. पण एकर किती, पाणी किती, कर्ज किती, हे विचारायचं राहिलंच! अशा चौकशीवर आपण मुलगी देत नाही, श्रेणी मात्र देतो.

छायाचित्र हे प्रमाण मानलं की एक गंमत होते. ज्याचा फोटो निघतो ते वाढतं आणि ज्याचा निघत नाही ते मागे पडतं. रोप लावताना फोटो निघतो. चौथ्या वर्षी ते रोप जगलेलं आहे याचा फोटो कोणी मागत नाही. म्हणून दरवर्षी जुलैत खड्डा तोच आणि रोप नवं, हा विनोद महाराष्ट्रात सगळ्यांना समजतो; कोणाला समजावून सांगावा लागत नाही. बंद केलेल्या पंख्याचा फोटो निघत नाही. चार प्राध्यापक एका गाडीतून आले याचा फोटो निघेल, पण कोणी काढत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाचीही ‘सतत’ नावाची शाश्वत परिसराची चौकट आहे. राज्य सरकारने २ ऑक्टोबर २०२० ला ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू केलं, भूमी, वायू, जल, अग्नी आणि आकाश या पंचतत्त्वांवर. ते स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी. हेतू चांगले आहेत, त्याबद्दल आमची तक्रार नाही. आमचं म्हणणं इतकंच की यादी म्हणजे आराखडा नव्हे. यादीतल्या गोष्टींना आपसात क्रम नसतो, वजन नसतं. आराखड्यात पहिली गोष्ट वजन असते: कुठे जास्त जळतं, तिथे आधी हात घाला.

कुंपण कुठे घालायचं?

वजन काढायचं तर हद्द ठरवावी लागते. जगभर यासाठी हरितगृह वायूंचा एक हिशेब-संकेत वापरतात. त्याची पहिली आवृत्ती २००१ मध्ये आली. त्यात उत्सर्जनाचे तीन स्कोप आहेत. स्कोप एक: तुम्ही स्वतः जाळता ते, म्हणजे जनरेटरचं डिझेल, कँटीनचा गॅस, कॉलेजच्या मालकीच्या गाड्या. एसीतून गळणारा वायूही यातच. स्कोप दोन: विकत घेतलेली वीज. आपल्या आजूबाजूला पारस आहे, दीपनगर आहे, कोळशावर चालणारी केंद्रं. देशाच्या ग्रीडमधल्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरण हा आकडा प्रसिद्ध करत असतं. स्कोप तीन: बाकी सगळं, जे तुमच्यामुळे होतं पण तुमच्या हातून होत नाही. विद्यार्थ्यांचं येणं-जाणं, खरेदी, बांधकाम, कागद.

आपल्याकडचे अहवाल बहुधा स्कोप दोनशी थांबतात. बिल हाताशी असतं म्हणून. आता मोताळ्यासारख्या तालुक्याच्या गावातलं एक कॉलेज डोळ्यांपुढे आणा. हे काल्पनिक आहे बरं का, आकडे आम्ही समजुतीसाठी धरलेत; तुम्ही आपल्या कॉलेजचे घालून बघा.

समजा १२० पंखे आहेत, ७५ वॅटचे, जुने. दिवसाला ६ तास, वर्षाला २०० दिवस. झाले १०,८०० युनिट. हेच पंखे नव्या बीएलडीसी पद्धतीचे, ३० वॅटचे घेतले तर ४,३२० युनिट. वाचले ६,४८० युनिट, म्हणजे साडेचार टन कार्बन डायऑक्साइड. चांगलं काम आहे. पैसे लागतील, पण बिलातून हळूहळू निघतील.

आता दुसरी गोष्ट. समजा १० प्राध्यापक रोज बुलढाण्याहून किंवा मलकापूरहून अपडाऊन करतात, प्रत्येक जण आपापल्या कारने, जाऊन-येऊन ४४ किलोमीटर. पेट्रोलची गाडी, लिटरला १५ किलोमीटर, आणि लिटरमागे २.३ किलो उत्सर्जन. २०० दिवसांचे १० गाड्यांचे झाले ८८,००० किलोमीटर, आणि साडेतेरा टन. पंखे बदलून वाचलेल्याच्या तिप्पट. हेच दहा जण तीन गाड्यांतून आले तर चार टनांवर येतं. साडेनऊ टन वाचले, खर्च शून्य. उलट पेट्रोलचे पैसे वाचले. पण हे कोणत्या अहवालात आलं? अपडाऊन हा शब्द आपल्या स्टाफरूममध्ये दिवसातून दहा वेळा उच्चारला जातो आणि हरित अहवालात एकदाही नाही.

अजून एक पाऊल पुढे जा. समजा धामणगाव बढे, रोहिणखेड, पिंपळगाव देवी, शेलापूर अशा गावांहून १५० मुलं मोटारसायकलवर येतात, एका बाजूने सरासरी १५ किलोमीटर. वर्षाचे ९ लाख किलोमीटर. लिटरला ५० धरले तर ४१ टन! आता तीच मुलं एसटीने आली तर? भरलेल्या बसमध्ये, ४५ प्रवासी आणि लिटरमागे साडेचार किलोमीटर धरून, माणशी किलोमीटरला १३ ग्रॅम पडतात. ४१ टनांचे १२ टन. निम्मी रिकामी बस असेल तर २४ टन, तरीही कमीच. आणि ती बस नाही तरी त्या रस्त्याने जाणारच असेल, तर या मुलांमुळे वाढणारं उत्सर्जन त्याहूनही थोडं.

मग मुलं एसटीने का येत नाहीत? हौस म्हणून? काही हौसेने येत असतील. पण कॉलेज सुटायची वेळ आणि गाडीची वेळ जुळत नसेल, एक गाडी चुकली की दोन तास फाट्यावर उभं राहावं लागत असेल, तर पोरगं काय करेल? बाप कर्ज काढून गाडी घेऊन देतो. आणि मुलीला गाडी मिळत नाही, तिचं कॉलेज सुटतं. हे लक्षात घ्या. म्हणजे या आपल्या काल्पनिक कॉलेजच्या आराखड्यातलं सगळ्यात वजनदार कलम सौर पॅनल नाही, झाडं नाहीत. ते वेळापत्रक आहे. बुलढाणा आणि मलकापूर आगाराला एक पत्र, आणि गरज पडली तर कॉलेजच्या तासांच्या वेळात वीस मिनिटांचा फरक. यात उत्सर्जन कमी होतं, बापाचं कर्ज टळतं, आणि एखादी मुलगी पदवी पुरी करते.

हा विचार विद्यापीठाच्या पातळीवर नेला तर हद्दीचा प्रश्न आणखी ठळक होतो. आपलं संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ १ मे १९८३ ला सुरू झालं. अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ, वाशिम हे पाच जिल्हे त्याच्याकडे. मोताळ्याहून ते दोनशे किलोमीटरच्या घरात. अशा विद्यापीठाचा परिसर कोणता? अमरावतीतलं कुंपण, की पाच जिल्ह्यांतलं प्रत्येक संलग्न कॉलेज, आणि त्यांच्यामध्ये होणारा बैठकांचा, परीक्षांचा, तपासणीचा सगळा प्रवास? आमच्या मते संलग्न कॉलेजं असलेल्या कोणत्याही विद्यापीठाने फक्त मुख्यालयाच्या आवाराचा आराखडा केला, तर तो खोटा नसतो, पण अपुरा असतो. घराचा हिशेब मांडायचा आणि शेताचा सोडायचा, असं ते होतं.

अभावाचे चार प्रकार

पुन्हा नैयायिकांकडे जाऊ. त्यांनी अभाव चार प्रकारचे सांगितले आहेत. आराखडे वाचताना ते चार वेगळे ठेवले, तर निम्मा गोंधळ मिटतो.

पहिला प्रध्वंसाभाव. मडकं होतं, फुटलं. खरी घट ही अशी असते: अमुक इतकं उत्सर्जन होत होतं, अमुक केल्याने थांबलं. पंखे बदलले, वाटून गाडी घेतली. आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा, दोन्ही दाखवता येतात.

दुसरा अत्यंताभाव. जे तिथे कधी नव्हतंच आणि नाही. खेड्यातल्या कॉलेजात एसी कधी नव्हताच, आणि अहवालात लिहिलंय की ‘वातानुकूलनाचा वापर टाळून उत्सर्जन नियंत्रित केले.’ हे टाळणं नाही, ही गरिबी आहे. गरिबीला पर्यावरणनिष्ठा म्हणून सजवणं हा त्या कॉलेजच्या मुलांवर अन्याय आहे. एप्रिल-मेमध्ये घाटाखाली जे तापतं, त्यात परीक्षा देणाऱ्या पोराला थंड खोली मिळू नये असं कोण म्हणेल?

तिसरा प्रागभाव. मडकं अजून व्हायचं आहे, तोवर ते नाही. हा अभाव अनादी असतो, पण वस्तू निर्माण झाली की संपतो. आमच्या मते मोताळ्यासारख्या ठिकाणच्या संस्थांसाठी हा सगळ्यात महत्त्वाचा. इथलं उत्सर्जन आज थोडं आहे. ते उद्या वाढणार आहे, आणि वाढायला हवंही, कारण प्रयोगशाळा व्हायच्यात, वसतिगृह व्हायचंय. प्रश्न असा की जे अजून झालं नाही त्यातलं किती होऊ द्यायचं? एक इमारत बांधली की ती पन्नास वर्षं उभी राहते. पश्चिमेकडे काचेची भिंत, वर उघडा स्लॅब, व्हरांडा नाही, अशी इमारत उभी केली की पन्नास वर्षांचा एसी तुम्ही आजच विकत घेतला. जुन्या इमारतींना खोल व्हरांडे असायचे, खिडक्या समोरासमोर असायच्या, ते उगीच नव्हतं. स्लॅबवर पांढरा थर, पश्चिमेला सावली, हवा आरपार जाईल अशी रचना: हे नकाशावर फुकट पडतं, बांधून झाल्यावर महाग पडतं. एसी घ्यायचाच तर कोणता वायू भरलेला, हेही बघा. जुन्या एसीतल्या आर-२२ या वायूचा १ किलो गळला, तर तो सुमारे १.८ टन कार्बन डायऑक्साइडएवढी उष्णता धरून ठेवतो. अडीच हजार युनिट वीज जाळल्यासारखं झालं. मेकॅनिक येतो, ‘गॅस भरला’ म्हणतो आणि जातो. अहवालात ती ओळ कुठेच नसते.

चौथा अन्योन्याभाव. घट म्हणजे पट नव्हे, मडकं म्हणजे कापड नव्हे. हा भेदाचा अभाव. भरपाईच्या हिशेबात नेमका हा भेद पुसला जातो: इतकं डिझेल जाळलं, इतकी झाडं लावली, वजाबाकी शून्य. पण झाड म्हणजे डिझेल नव्हे. मोठ्या झाडाला वर्षाला वीसेक किलो हा ढोबळ आकडा लोक धरतात. तो मान्य केला तरी ५०० झाडांचे १० टन होतात, तेही सगळी जगली आणि वाढली तर. शिवाय झाड वणव्यात जळतं, रस्ता रुंद करताना तोडलं जातं, आणि साठवलेला कार्बन परत जातो. जमिनीखालून काढून जाळलेला कोळसा मात्र परत जमिनीत जात नाही.

इथे अमेरिकेतलं एक उदाहरण तपासण्यासारखं आहे. व्हरमाँट राज्यातल्या मिडलबरी कॉलेजने २०१६ च्या शेवटी आपण कार्बन-समतोल गाठल्याचं जाहीर केलं. त्यांनी २००९ मध्ये लाकडाच्या चिप्सवर चालणारं केंद्र सुरू करून खनिज तेलाचा वापर खूप कमी केला, हे खरं काम. पण शेवटचा मोठा हिस्सा भरून निघाला तो कॉलेजच्या मालकीचं सुमारे २,१०० एकर जंगल कायमचं राखण्याच्या करारातून. ते जंगल तिथे आधीपासून उभं होतं. मग करारामुळे नवं काय झालं? त्यांचं उत्तर: करार नसता तर पुढे कधी तरी ते तुटू शकलं असतं. हे प्रागभावाचं बोलणं आहे, आणि ते प्रध्वंसाभावाच्या खात्यात लिहिलं गेलं. तरीही एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगितली पाहिजे. त्यांनी हिशेब उघडा मांडला, म्हणून तर आपण इथे बसून त्यावर बोट ठेवू शकतो. आपल्याकडच्या कित्येक अहवालांवर बोट ठेवायलाही जागा नसते.

मग चांगला आराखडा कसा असतो?

२००७ मध्ये अमेरिकेतल्या कॉलेज-विद्यापीठांच्या प्रमुखांनी एक वचननामा सुरू केला. सही केल्यापासून एका वर्षात संपूर्ण मोजणी करायची, दोन वर्षांत आराखडा द्यायचा, आणि प्रगती लोकांपुढे ठेवायची. क्रम बघा: मोजणी आधी, आराखडा नंतर. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१५ मध्ये गॅसवरचं जुनं केंद्र बंद करून नवी यंत्रणा आणली. तिची कल्पना मोजणीतूनच आली. एकाच वेळी काही इमारती थंड कराव्या लागतात आणि काहींना गरम पाणी लागतं, हे तासातासाच्या नोंदींत दिसलं. मग एकीकडून बाहेर फेकलेली उष्णता दुसरीकडे वापरायची ठरली. आपण ती यंत्रणा उचलून मोताळ्यात आणायची नाही. उचलायची ती नोंदवही.

आपल्या कॉलेजपुरतं म्हणाल तर: तीन वर्षांची वीजबिलं, डिझेलच्या पावत्या, गॅस सिलिंडरचा हिशेब, एसीत भरलेल्या वायूची नोंद. एका तासात प्रत्येक वर्गात हात वर करून पाहणी: कोण कुठून येतं, कशाने येतं. एवढ्यावर एक पान तयार होतं. त्या पानावर जो आकडा सगळ्यात मोठा, त्याच्यावर पहिलं वर्ष. सौर पॅनल घ्यायचं तर जरूर घ्या. १० किलोवॅटमागे आपल्या उन्हात वर्षाला १४,००० युनिटच्या आसपास मिळतात. पण मे महिन्यात, ऊन भरपूर आणि कॉलेज बंद असताना, ती वीज नेट मीटरमधून ग्रीडला जाते की वाया जाते, हे बसवण्याआधी विचारा. आणि दरवर्षी ते पान सूचनाफलकावर लावा. वाढ झाली असेल तर वाढही लिहा, कारणासह. ज्या अहवालात एकही आकडा वाढलेला नाही, त्या अहवालावर आमचा तरी विश्वास बसत नाही.

पणाला काय आहे

एक गोष्ट सांगून थांबतो. १९९१ मध्ये एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणशिक्षण सक्तीचं करण्याचा निर्देश दिला. त्यातून पुढे पदवीला पर्यावरणाचा सक्तीचा अभ्यासक्रम आला, त्याबरोबर प्रकल्प आला. त्या प्रकल्पाचं काय झालं, हे इथे बसलेल्या मुलांनीच सांगावं. झेरॉक्सच्या दुकानात तयार फाइल मिळते; नाव बदलायचं, सही घ्यायची. मुलगा हे शिकला कुठे? त्याच्या कॉलेजचा हरित अहवाल याच पद्धतीने झाला असेल, तर तो घरचाच धडा गिरवतोय.

आमची खरी चिंता टनांची नाही. मोताळ्याच्या कॉलेजचे पन्नास-साठ टन जगाच्या हिशेबात कुठे लागतात? चिंता ही की ज्या संस्थेचं काम खरं-खोटं निवडायला शिकवणं आहे, ती संस्था स्वतःविषयी न तपासलेलं वाक्य लिहिते, आणि तेही शिक्षक आणि विद्यार्थ्यांच्या सह्यांनी. ज्या संताच्या नावाचं विद्यापीठ आपल्याला पदवी देतं, ते दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. क्रम तो होता. तो उलटा झाला की कीर्तन चांगलं रंगतं, पण कचरा तिथेच राहतो.



प्रश्नोत्तरांतून

*प्रश्न (विद्यार्थी): सर, शहरातल्या एका मॉलमध्ये जेवढी वीज जळते तेवढी आमच्या तालुक्यातल्या सगळ्या कॉलेजांना लागत नाही. मग कमी आम्हीच कशाला करायचं?*

बरोबर विचारलंत. कमी करायची जबाबदारी सगळ्यांची सारखी नाही, हे आम्ही मघाशी म्हणालोच. भारताने २०२१ मध्ये ग्लासगोला नक्त-शून्यासाठी २०७० साल सांगितलं, त्यामागेही हाच विचार आहे की ज्याने आधी जास्त जाळलं त्याने आधी थांबावं. तुमच्या कॉलेजला पंखा, दिवा, प्रयोगशाळा हवी, ती मागा. पण मोजायचं नाही, असं यातून निघत नाही. उलट, आपण किती थोडं वापरतो हे आकड्यानिशी सांगता आलं, तर मागणीला वजन येतं. मॉलला प्रश्न विचारायचा असेल तर आपली वही आधी तयार पाहिजे. आणि दुसरं: पाऊस लांबला की नळगंगेचं धरण किती भरलं याकडे डोळे लावून बसणारे आपण आहोत, मॉलवाले नाहीत. या विषयाचं ज्ञान ज्याला झळ लागते त्याच्याकडे असलं पाहिजे.

*प्रश्न (प्राध्यापिका): सर, हे सगळं मोजायचं कोणी? आमच्याकडे जागा रिकाम्या आहेत, एकेकाकडे पाच-पाच समित्या आहेत.*

मॅडम, नवी समिती नकोच. पर्यावरणाचा प्रकल्प नाही तरी प्रत्येक मुलाला करायचाच आहे. तयार फाइल घेण्याऐवजी वाणिज्यच्या मुलांना बिलं द्या, विज्ञानच्या मुलांना मीटर वाचायला लावा, कलाशाखेची मुलं गावोगावच्या प्रवासाची पाहणी करतील. रासेयोच्या शिबिरात दोन दिवस यासाठी काढता येतात. तपासायला तुम्ही आहातच. प्रत्येक वर्षीच्या मुलांनी मागच्या वर्षीच्या मुलांचा आकडा तपासायचा, एवढा एक नियम करा. मग नक्कल करून भागणार नाही. आणि सुरुवात कुठून करायची असं विचाराल, तर आगाराला लिहायच्या पत्रापासून करा. कोणत्या गावची किती मुलं, कॉलेज किती वाजता सुटतं, गाडी किती वाजता जाते, एवढा तक्ता त्याला जोडा. पत्राचा मसुदा आम्ही करून देऊ, तक्ता तुमच्या मुलांनी करावा.